ओलावा वजा जाता

माझे सासरे आर्वीत धान्याचे अडते होते आणि माझं वजन ते ओलावा वजा करून लिहीत. हे मला कळायला चार महिने लागले. तोवर दर मंगळवारी मी दुकानातल्या लोखंडी काट्यावर उभी राहून, भिंतीवर खडूनं लिहिलेला आकडा वाचून मनातल्या मनात पेढे वाटत होते.

पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की बाईचं डोकं फिरलं होतं. डोकं जागच्या जागी होतं. कामातून गेल्या होत्या त्या मांड्या आणि खांदे.

मी रोहण्याच्या शाळेत शिक्षिका होते. आर्वीहून सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं, अशी चौदा वर्षं काढली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्या संपल्या आणि पहिल्याच दिवशी एसटीची पहिली पायरी मला चढवेना. ही पायरी जे रोज चढले आहेत त्यांना ठाऊक आहे, ती माणसाचे पाय मोजून केलेली नाहीच. पण मी ती चौदा वर्षं एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन चढत आले होते. त्या दिवशी डावा पाय वर ठेवला आणि उजवा खालीच राहिला. मी त्याला मनातून म्हटलं, चल बाबा. तो काही चालेना. शेवटी मागून एका म्हातारीनं माझ्या पाठीला डोकं लावून रेटलं, वरून कंडक्टरनं दंड धरून ओढलं आणि मी आत जाऊन पडले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, वजन कमी करा जरासं."

तेव्हा मी चौपन्न किलोची होते! असा संताप आला की काय सांगू. पण संतापानंही मांडी उचलली जात नाही, हे मला उतरताना कळलं.

मग केस विंचरायला हात वर जाईना. मग फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येईनात, म्हणून मी खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहायला लागले आणि मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून वाचायला लागली. एका बारशाला सतरंजीवर बसले ती उठेचना. चार बायकांनी काखेत हात घालून मला उभं केलं आणि त्यातली एक कानाशी येऊन विचारते, "काई गोड बातमी हाये का वो?" माझी एकुलती एक मुलगी तेव्हा नागपूरला वसतिगृहात राहून अकरावीला होती. मी त्या बाईला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांकडे मला सासरेच घेऊन गेले. सासूबाई आधीच वारल्या होत्या आणि नवऱ्याला बाजार समितीतला लिलाव सोडून निघता येत नसे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. धोतर, काळी टोपी, सत्तरीच्या पुढचं वय, आणि जगातली प्रत्येक वस्तू पोत्यात भरता येते अशी ठाम समजूत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सुया टोचून स्नायूंची तपासणी केली आणि मग मांडीतला चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. हे ऐकून मामाजींचा चेहरा उजळला. पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि हातावर पाहायचे, हे त्यांनी जन्मभर केलेलं. मला म्हणाले, "भेऊ नको. नमुना काहाडला म्हंजे आता भाव समजते."

भाव समजला. हा आजार माझ्याच शरीरानं लावलेला होता. बाहेरच्या रोगाशी लढणारी जी शक्ती अंगात असते ती वाट चुकून माझ्याच स्नायूंवर तुटून पडली होती. डॉक्टर हे समजावून सांगत होते आणि मामाजी मान हलवत होते.

"म्हंजे राखणदारच पोतं फोडून खाऊन राह्यला म्हना ना."

"हो," डॉक्टर म्हणाले, "तसंच. हा जन्माचा सोबती आहे, पण ताब्यात ठेवता येतो."

राखणदाराला गप्प करायला गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी राखणदार गप्प झाला आणि माझी भूक बोलायला लागली. अवो माय, काय ती भूक! पोटभर जेवून हात धुवावा आणि त्याच ओल्या हातानं पोळ्यांचा डबा उघडावा. दुपारी चारला मी ओट्याशी उभी राहून लोणच्याच्या फोडीबरोबर चार पोळ्या खायची आणि नंतर पोळ्या कुठे गेल्या म्हणून मीच विचारायची. दीड महिन्यात गाल फुगून डोळ्यांना भिडले. ब्लाउजच्या शिवणी एकेक करून सुटल्या. आणि लोक? लोक खूश! "आता कशी तब्येत बनली बाईची!" म्हणायचे. एक बाई तर मुद्दाम घरी आली, तिच्या भाचीचं लग्न जमत नव्हतं, अंगानं काडी होती म्हणे, तिच्यासाठी माझ्या गोळ्यांचं नाव हवं होतं. मी तिला बसवलं, चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला गेले नाही, कारण खुर्चीतून उठायला मला तीन झोके घ्यावे लागत आणि ते मला तिच्यासमोर घ्यायचे नव्हते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण जानेवारीत आमचे मुख्याध्यापक घरी आले. माझी रजा संपत चालली होती. भला माणूस, चहाची बशी हातात धरून खाली बघत म्हणाला, "बाई, उन्हाळ्याच्या सुट्यांपर्यंत मी सांभाळतो. जूनच्या शेवटी शाळा उघडन, त्या दिवशी तुमी हजर पाह्यजे. न्हाई तं मले तुमचा कागद वर पाठवा लागते, नोकरीले लायक नाई म्हून."

मला ती शाळा हवी होती. पगारासाठी हवी होती हे तर आहेच, पण घरी मी सून होते, दवाखान्यात मी मांडीचा तुकडा होते, आणि रोहण्याच्या त्या कौलारू वर्गात मी पाऊल टाकलं की साठ पोरं उभी राहत. ते मला सोडायचं नव्हतं. आणि त्या वर्गाच्या नि माझ्या मधे होती एसटीची पायरी. नवऱ्याची मोपेड होती, पण पहिला चढ आला की ती आम्हा दोघांपैकी एकाला खाली उतरवायची, आणि नेहमी मलाच. वर्ध्याला जाताना मामाजी दुकानातलं बुटकं स्टूल घ्यायचे. त्याच्या पायाला सुतळी बांधलेली. मी स्टुलावर चढायची, स्टुलावरून एसटीत, मागून मामाजी, आणि मग ते सुतळी ओढून स्टूल वर घ्यायचे. आख्खी एसटी बघत राहायची. रोज रोहण्याला जायला स्टूल ओढणारा सासरा कुठून आणायचा?

मी ठरवलं, वजन उतरवायचं आणि पाय घडवायचे, आणि तेही आपलं आपण. डॉक्टरांना काय विचारायचं त्यात? चौदा वर्षं मी पोरांना उठाबशा काढायला लावत आले होते. पाढा चुकला, काढ पन्नास. उठाबशांबद्दल मला कोण शिकवणार होतं! शेजारच्या काकू सकाळी मैदानाला फेऱ्या मारत, त्यांच्यासोबत पांढरे कॅनव्हासचे बूट घालून निघाले. दुपारचं जेवण बंद केलं. घरी येऊन खिडकीचे गज धरून उठाबशा. पहिल्या दिवशी तीन झाल्या. दुसऱ्या दिवशी दात ओठ खाऊन दहा. तिसऱ्या दिवशी वीस काढल्या आणि वर मैदानाच्या चार फेऱ्या. काकू म्हणाल्या, "दुखते म्हंजे लागू पडून राह्यलं." मलाही ते पटलं. आपल्याकडे औषध कडू आणि व्यायाम दुखरा असला तरच खरा.

चौथ्या दिवशी सकाळी मला कुशीवर वळता आलं नाही. उशीवरून मान उचलेना. छताकडे बघत मी नवऱ्याला हाक मारली आणि तो आला तेव्हा रडले. पहिल्यांदाच रडले. दोन आठवडे अंथरुणात गेले आणि स्नायूंची झीज सांगणारा रक्तातला जो आकडा गोळ्यांनी खाली आला होता तो पुन्हा टणकन वर गेला.

डॉक्टर चिडले. "स्नायू आधीच सुजलेले आहेत, त्यांना मारझोड करून ते सुधारतील का? व्यायाम करायचाच आहे, पण मी सांगतो तेवढा. आधी खुर्चीतून उठणं, तीन वेळा. मग विसावा. थकायच्या आधी थांबायचं."

"थकायच्या आधी कसं कळणार, की मी थकणार आहे?"

"म्हणूनच कमी करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग आदल्या दिवशीसारखंच वाटलं पाहिजे. दुखलं, जड वाटलं, की समजा काल जास्त झालं. उपास नाही. वेळेवर भाकरी, भाजी, घट्ट वरण. लोणचं-पापड बंद, मीठ निम्मं, साखर नावापुरती. गोळ्या आपल्या मनानं कमी करायच्या नाहीत आणि एकदम बंद तर मुळीच नाही, जिवावर बेतेल." मग मामाजींकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे काटा आहे ना? दर मंगळवारी एकाच वेळी वजन करा आणि येताना मला आकडे सांगा. चेहऱ्यावर, पायावर जी सूज दिसते त्यात पुष्कळसं पाणी आहे."

मामाजींनी मान डोलावली. पाणी हा शब्द त्यांनी नीट ऐकला होता, हे मला फार पुढे समजलं.

परतीच्या एसटीत वर्ध्याबाहेरचं पिपरी मेघे मागे पडेपर्यंत ते मांडीवरच्या स्टुलाची सुतळी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "सुनबाई, आमच्या घरान्यात आजलोक कोनी थकल्याबिगर थांबलं नाई."

"मी थांबणार आहे मामाजी."

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हणू द्या."

आर्वी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "मंग त्याच्यावर मानूस ठेवा लागन." माणूस म्हणजे ते स्वतः.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते बसस्टँडवर गेले आणि उभ्या एसटीच्या पायरीला सुतळी लावून बसले. ड्रायव्हरनं विचारलं, "काय मोजून राह्यले बावाजी?" तर म्हणाले, "सुनेचा आजार." सुतळीला गाठ मारून घरी आले. दुकानाला त्याच वर्षी शटर बसलं होतं, त्यामुळे जुन्या दाराच्या लाकडी फळ्या मागच्या खोलीत पडून होत्या, दीड-दीड इंच जाडीच्या, प्रत्येकीवर तेलरंगानं नंबर टाकलेला. मामाजींनी त्या भिंतीला टेकवून एकीवर एक रचून पाहिल्या. अकराव्या फळीला गाठ लागली. "अकरा फळ्यांवर तुही शाळा हाये," म्हणाले, आणि नऊ फळ्या काढून घेतल्या.

दोन फळ्यांपासून सुरुवात झाली. वर आडव्या तुळईला जुन्या तराजूची साखळी लोंबत होती, ती धरायची, एक पाय वर, दुसरा पाय वर, मग उलट्या पावली खाली. पाच वेळा. की मामाजींचा आवाज यायचा, "थांब!"

सुरुवातीला त्यांच्या जिवावर यायचं ते. मी थांबले की विचारत, "थकली काय?"

"नाही."

"मंग काऊन थांबली?"

"थकले नाही म्हणून."

यावर ते असे बघत, जसं एखादा हमाल निम्मं पोतं टाकून घरी चालला आहे. पण माणूस एकदा कामाला लागला की लागला. महिनाभरात ते थांबवण्यात माझ्याही पुढे गेले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मागच्या खोलीकडे कान असायचा. माझी पावलं मोजत असायचे आणि पाचवं झालं की ओरडायचे, "थांब!" सौद्याला आलेले शेतकरी बोलता बोलता गप्प व्हायचे. एक हमाल पाठीवर पोतं घेऊन तसाच उभा राहिला होता, पुढचा हुकूम येईना म्हणून.

सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "कालच्यासारखंच हाये का?" मी हो म्हटलं तरच त्या दिवशीच्या पावलांना परवानगी. पंधरा दिवस सगळं ठीक गेलं की एक फळी वाढायची, तीही वर्ध्याला फोन करून विचारल्यावर. स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी त्यांनी दुकानातल्या कुलपाच्या कपाटात ठेवली. त्यांना स्वतःला लोणच्याशिवाय घास उतरत नसे. माझ्यासोबत तेही अळणी जेवायला लागले आणि दर घासाला जगाला शिव्या द्यायला लागले.

आणि मंगळवारी वजन. मी काट्यावर चढून तोल जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी भिंतीचा खिळा धरायची, तोंड भिंतीकडे. मागे दांडीवरचं वजन सरकवून मामाजी आकडा पाहायचे आणि खडूनं माझ्या नाकासमोर लिहायचे. साठ. साडेएकोणसाठ. एकोणसाठ. मी हरखून जायची. ब्लाउज तसेच घट्ट होते, पण मी म्हटलं, धुऊन धुऊन आटले असतील. डॉक्टरांना मी हे आकडे ताठ मानेनं सांगत होते.

मधे एकदा ताप आला आणि सहाव्या फळीवर महिना गेला. मे महिना आला. उन्हानं रस्ते ओस पडले होते, अशा एका दुपारी डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"किती म्हणालात?"

"अठ्ठावन्न."

"उभ्या राहा बरं इथे."

दवाखान्याचा काटा म्हणाला, सत्तर. मी म्हटलं, काटा बिघडला आहे. डॉक्टर स्वतः उभे राहिले, त्यांचं बरोबर आलं. कंपाउंडर उभा राहिला, त्याचंही बरोबर आलं. मी चप्पल काढली, पर्स ठेवली, मंगळसूत्र काढायला निघाले. सत्तर. मग आम्ही दोघांनी मामाजींकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन तिचं अस्तर बघत होते.

"मामाजी?"

"कडता कापला."

डॉक्टरांना कळेना, म्हणून मीच शरमेनं सांगितलं की अडतीत माल मोजला की बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन काढून टाकतात, माल ओला असला तर ओलाव्याचंही काढतात, आणि त्याला कडता म्हणतात.

"लुगड्याचा एक किलो," मामाजी म्हणाले, "अन् बाकी ओलावा. तुमीच तं म्हनलं, पानी हाये."

"अकरा किलो पाणी?" डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "अहो, मी यांच्या गोळ्यांचा हिशेब वजनावर करतो. सूज वाढते का, चरबी वाढते का, मला कळायला नको? खोट्या आकड्यावर औषध देऊन यांना काही झालं असतं म्हणजे?"

मी तर फुटलेच. एसटी येईपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून मी त्यांना नाही नाही ते बोलले. शेतकऱ्याला लुबाडायची सवय घरात आणली म्हटलं. मला मूर्ख बनवलं म्हटलं. चार महिने मी भिंतीला नाक लावून खूश होत होते, तुम्हाला लाज नाही वाटली? ते स्टूल धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मालात खोट असली तं तो कडता येगळा. तुह्यात खोट नाई. ओलावा हाये. ओलावा वाळते. वाळल्यावर जे राहीन, ते माह्या सुनेचं वजन. तेच लेहून राह्यलो होतो."

राग गेला नव्हता, पण त्याला आता धरायला काही राहिलं नव्हतं. एसटी आली. त्यांनी स्टूल लावलं.

पुढच्या मंगळवारपासून दोन आकडे झाले. खरा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर, डॉक्टरांसाठी. भिंतीवर कडता कापून, घरासाठी. मी म्हटलं, भिंतीवरचं पुसा. ते म्हणाले, "भिंत माही हाये." डॉक्टरांनी खरे आकडे पाहून गोळ्या हळूहळू उतरवायला घेतल्या आणि चिठ्ठीवरचा आकडाही सत्तरवरून एकेक पाव किलोनं खाली यायला लागला, इतका हळू की त्या वेगानं आमच्याकडे बैलगाडीसुद्धा गेली नसती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी दहाव्या फळीवर होते. एक फळी कमी. मामाजी अकरावी वाढवायला तयार नव्हते, पंधरा दिवस झाले नव्हते ना! "नियम म्हंजे नियम," म्हणाले. पण सकाळी स्टँडवर पाहते तर अकरा नंबरची फळी त्यांच्या बगलेत.

"ही कशाला?"

"एसटी वर हाये तं आपन जमीन वर करू."

त्यांनी फळी जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यावर उभं केलं. स्टँडवरचे लोक जमले. एसटी आली, आणि जशी एसटी नेहमी येते तशीच आली. आमच्यासमोरून गेली आणि वीस पावलं पुढे जाऊन थांबली. सगळे धावले. मी धावू शकत नव्हते, मी चालले. दाराशी पोचले तेव्हा आत सगळे चढून बसले होते आणि कंडक्टर घंटीची दोरी धरून माझ्याकडे बघत होता. मी दांडा धरला. डावा पाय पायरीवर ठेवला. मागून मामाजी फळी घेऊन पळत येत होते आणि ड्रायव्हरला ओरडत होते, "थांब! थांब!"

पाच महिन्यांची सवय. माझा पाय जागीच थांबला.

एक पाय एसटीत, एक आर्वीत, अशी मी उभी. ड्रायव्हर थांबलेलाच होता. त्या हाकेनं थांबले ती फक्त मी. मामाजी धापा टाकत माझ्यापाशी आले, फळी टेकवायला वाकले, आणि माझ्या पायाकडे त्यांची नजर गेली. तो थरथरत नव्हता. ते तसेच सरळ झाले. फळी त्यांनी पुन्हा बगलेत घेतली.

"चढ," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले. "चढ माय, चढ!"

मी चढले. उजवा पाय जमिनीवरून उठला आणि आला, आपला आपण आला. कंडक्टरनं घंटी मारली. मला सीटवर बसल्यावर हसू की रडू ते कळेना, म्हणून मी तिकीट काढलं.

रोहणं आलं तेव्हा लक्षात आलं, की चढायचा विचार सगळ्यांनी केला होता, उतरायचा कुणीच नाही. फळ्या भिंतीला टेकलेल्या असायच्या, त्यामुळे मला उतरायचं एकाच पद्धतीनं ठाऊक होतं. मी दाराशी वळले, दांडा धरला आणि एसटीकडे तोंड करून उलट्या पावली खाली आले. खाली मुख्याध्यापक हार घेऊन उभे, मागे दोन रांगांत पोरं. आठ महिन्यांनी बाई आली आणि गावाला आधी तिची पाठ दिसली. मुख्याध्यापक गोंधळले आणि त्यांनी हार मागूनच माझ्या गळ्यात टाकला. सातवीतली एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "बाई, आता उठाबशा किती होते तुमच्याच्यानं?" गावाला सगळं ठाऊक असतं.

"खुर्चीवरून आठ," मी म्हटलं.

"बस? आमाले तं पन्नास देत होते."

त्यानंतर मी कुणाला उठाबशा दिल्या नाहीत.

संध्याकाळी दुकानात पाऊल टाकलं. मामाजी वाट पाहत होते. त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी म्हणाले, "काट्यावर उभी राह्य." मी खिळा धरला. मागे दांडी खडखडली. खडू नाकासमोर आला आणि भिंतीवर छप्पन्न-सत्तावन्नच्या रांगेखाली त्यांनी लिहिलं, अडुसष्ट.

मी मागे वळून पाहिलं. "मामाजी, कडता विसरले तुम्ही. ओलावा वाळला काय?"

"कायचा वाळते," ते म्हणाले. "पन आज अडुसष्टच्या अडुसष्ट चढले एसटीत. मी पाह्यलं ना. आता वजा काय करू?"

खडू त्यांनी टोपीखाली खोचला आणि शटर ओढायला गेले.